वासवाल्या मॅडम

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या कारखान्यातले सगळे घरी पळायचे आणि मी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी गुळाची ढेप आणि ताज्या शेणाची बादली घेऊन गेटवर हजर व्हायचे. सिक्युरिटीवाला नवा असला की गडबडायचा. "मॅडम, अंदर पूजा है क्या?"

"पूजा नाही रे बाबा, माझी लेकरं उपाशी आहेत."

लेकरं म्हणजे जिवाणू. कारखान्याचं सांडपाणी आधी चुना घालून निवळवतात, गाळ खाली बसवतात, आणि मग उरलेली घाण एका मोठ्या टाकीत सोडतात. त्या टाकीतले जिवाणू ती खाऊन पाणी बऱ्यापैकी साफ करतात. कारखाना बंद म्हणजे सांडपाणी बंद, आणि सांडपाणी बंद म्हणजे त्यांचं जेवण बंद. चार दिवस उपास घडला की ते मरतात, आणि भाऊबीजेनंतर यंत्रं सुरू झाली की घाण तशीच पुढे जाते. म्हणून गूळ-शेणाचा फराळ. माझ्या घरच्या चकल्या दरवर्षी सासूबाईंनीच तळल्या, याचं कारण हे.

अंबरनाथच्या एका औषधी रसायनांच्या कारखान्यात मी आयुष्यभर हे काम केलं. कागदोपत्री माझं पद 'पर्यावरण अधिकारी' असं भारदस्त होतं. साहेब लोक मला 'आमचं ईटीपी', म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र, म्हणायचे, जणू मीच ती टाकी. आणि आजूबाजूच्या वस्तीत मी 'वासवाल्या मॅडम' म्हणून ओळखली जायचे. बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमच्या गल्लीतसुद्धा हेच नाव पोचलं होतं. कुणाचं गटार तुंबलं तरी लोक आधी माझी बेल वाजवायचे.

पाण्याचं काम त्यातल्या त्यात सरळ. ते दिसतं, बाटलीत भरता येतं, प्रयोगशाळेत तपासता येतं. वासाचं तसं नाही. वास हवेबरोबर येतो, तुम्ही पोचेपर्यंत निघून जातो, आणि दहा माणसं त्याचं दहा प्रकारे वर्णन करतात. त्यातून आणखी एक अडचण आहे, ती बाहेरच्यांना सांगितली तर खरी वाटत नाही. एकच वास रोज घेतला की नाक तो वास सांगायचं बंद करतं. दमतं ते. कारखान्यात नव्याने लागलेलं माणूस पहिल्या आठवड्यात रुमाल लावून फिरतं आणि महिन्याभराने तिथेच बसून डबा खातं. मीही खाल्ला. त्यामुळे 'आम्हाला तर काही वास येत नाही' असं कारखान्यातली माणसं सांगतात तेव्हा ती नेहमीच खोटं बोलत नसतात. पण त्यांच्यावर विसंबूनही चालत नाही. ही गोष्ट त्याचीच आहे.

आमच्या कारखान्याच्या पाठीमागे पालेगावच्या बाजूला पूर्वी भातशेती होती. हळूहळू तिथे इमारती उभ्या राहिल्या. बिल्डरच्या जाहिरातीत डोंगर, पक्षी आणि योगासनं करणारी बाई होती. आमचं धुराडं त्या चित्रातून शिताफीने पुसलेलं होतं. लोक राहायला आले, बाल्कनीत कुंड्या लावल्या, आणि एका उन्हाळ्यापासून दुपारी चारच्या सुमारास त्यांना घाण वास यायला लागला. कुणी म्हणे सडलेल्या कोबीसारखा, कुणी म्हणे गॅस गळतोय, कुणी म्हणे उंदीर मेलाय. बाल्कनीत येऊन पाहावं तर समोर आमचं धुराडं. आता त्या धुराड्यातून नुसता बॉयलरचा धूर निघायचा, त्याचा आणि त्या वासाचा काही संबंध नव्हता. पण जे दिसतं त्यालाच माणूस शिव्या देतो.

पहिली तक्रार घेऊन आले ते सोसायटीचे सेक्रेटरी सावंत. मूळचे सावंतवाडीकडचे, मुंबईत नोकरी करून नुकतेच निवृत्त झालेले, आणि रिकाम्या वेळाचं काय करायचं हे ठरवून आलेले. त्यांनी माझ्या टेबलावर एक काचेची बरणी ठेवली. झाकण घट्ट, वर चिकटपट्टी.

"काय आहे यात?" मी विचारलं.

"पुरावा," सावंत म्हणाले. "कालचा वास. बरोब्बर चार वाजता बाल्कनीत उभं राहून भरला. उघडा आणि घ्या."

मी चिकटपट्टी सोडवली, झाकण फिरवलं, नाक पुढे नेलं. आत लिंबाच्या लोणच्याचा सुरेख वास होता.

सावंतांनी स्वतः हुंगून पाहिलं. बरणी उलटी करून पाहिली. मग म्हणाले, "बायकोने नीट धुतली नाही वाटतं." आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. त्या बरणीने माझं मोठं काम केलं. पुढे सावंत माझ्याशी कडाकडा भांडले, पण आमच्यात वैर कधी आलं नाही. एकत्र हसलेल्या माणसाशी नीट वैर धरता येत नाही.

हसण्यावारी नेण्यासारखं प्रकरण मात्र ते नव्हतं. मी आमची सगळी यंत्रणा तपासली. वासाचे वायू बाहेर जाऊ नयेत म्हणून आमच्याकडे स्क्रबर होता, म्हणजे वायूला औषधी पाण्याची आंघोळ घालणारा उंच मनोरा. तो उत्तम चालत होता. कोबीसारखा वास देणारा गंधकाचा एक कच्चा माल आम्ही वापरायचो खरं, पण तो एकाच शेडमध्ये, आणि तोही फक्त सकाळच्या पाळीत लागायचा. दुपारी चारला त्या शेडमध्ये दुसऱ्याच मालाचं काम चाललेलं असायचं.

प्लांटचे मुख्य राव साहेब. मंगळूरकडचे, पण मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फाईल मिटली. "म्हणजे आपला नाही. विषय संपला."

विषय आठवड्याभरातच गेटवर आला. तोंडाला रुमाल बांधलेली दोन-अडीचशे माणसं. सोसायटीवाले होते, पालेगावातले गावकरीही होते, आणि सगळ्यांच्या पुढे हिराबाई.

हिराबाई पालेगावच्या जुन्या शेतकरी घरातली, साठीच्या पुढची, काठापदराचं लुगडं, आवाज असा की माइकची गरज नाही. जमिनीचा मोठा तुकडा बिल्डरला गेला, ओढ्याकाठचा एक कोपरा तेवढा उरला होता. गंमत अशी की गेटवर त्या दिवशी ड्यूटीला होता तिचा सख्खा पुतण्या. हिराबाईने त्याला नखशिखांत पाहिलं.

"तू हिकडं उभा हायेस, मग तुजा नाक कुटं ठेवलास रं? घरान?"

पुतण्या बिचारा गेटाच्या नटबोल्टांकडे बघत राहिला. मोर्च्यात हशा पिकला, आणि मला बरं वाटलं. कारण हेच आमच्या भागाचं खरं चित्र आहे. गेटाच्या आतले आणि बाहेरचे एकाच घरातले. वासाने ज्यांचं डोकं उठतं त्यांच्याच घरात आमच्या पगाराचं दूध येतं. वर्तमानपत्रात 'कारखाना विरुद्ध ग्रामस्थ' असं छापून येतं, तेव्हा मला तो पुतण्या आठवतो.

मी पुढे गेले. हिराबाई म्हणाली, "तूच ना गो वासवाली बाय? मंग काड ना वास शोदून. का नुसती पगार घेतंस?"

"शोधते. पण आमच्या कारखान्यात तो सापडत नाही."

"चोराला आपले घरान चोरी सापडतंय व्हय?"

त्याच आठवड्यात सरकारी अधिकारी येऊन पाहणी करून गेले आणि नोटीस लागली. पंधरा दिवसांत वासाचा उगम सापडला नाही तर गंधकवाली शेड बंद ठेवायची. त्या शेडमध्ये तीन पाळ्यांत माणसं होती, निम्मी आसपासच्या गावांतली. कामगार मला जिन्यात गाठून विचारायला लागले, "मॅडम, होईल ना काहीतरी?" राव साहेब म्हणायचे, "बाहेरची एजन्सी बोलवा, मोठं यंत्र आणतील." एजन्सी आली, यंत्र ठेवून गेली. यंत्राने सांगितलं की हवेत गंधकाचं काहीतरी आहे. तेवढं सावंतांच्या बायकोलाही ठाऊक होतं.

शेवटी मी वेगळं ठरवलं. सावंतांना फोन केला, हिराबाईला निरोप धाडला. "उद्या दुपारी साडेतीनला सोसायटीच्या गेटशी या. आपण तिघं वासाच्या मागे चालत जायचं. माझं नाक आता कामाचं नाही, तुमची नाकं चालवायची."

"आणि तो तुमच्या गेटशी जाऊन थांबला तर?" सावंतांनी विचारलं.

"तर मी स्वतः लिहून देईन."

राव साहेबांना मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरोबर वकील आला असता.

दुसऱ्या दिवशी मी उदबत्तीचा पुडा घेऊन गेले. वारा कुठून येतो हे बघायला उदबत्तीसारखं साधन नाही. चिमटीत धरायची आणि धूर कुठे वळतो ते पाहायचं. सोसायटीच्या गेटवर मी उदबत्ती पेटवली तेव्हा वॉचमनने चपला काढल्या. थोड्या वेळाने सावंत एकदम म्हणाले, "आला!" हिराबाईने पदर नाकाला लावला. मला काहीच जाणवलं नाही. उदबत्तीच्या धुराकडे पाहिलं तर वारा आमच्या कारखान्याच्या बाजूनं येतच नव्हता. तो गावामागच्या ओढ्याकडून येत होता.

"असं कसं?" सावंत म्हणाले. धुराड्यावरचा त्यांचा इतक्या दिवसांचा राग एकदम निराधार झाला.

आम्ही ओढ्याच्या कडेने निघालो. पुढे मी उदबत्ती धरून, मागे सावंत, त्यांच्यामागे हिराबाई. वाटेत भेटणारे लोक आदराने बाजूला होत होते, कुठे देवाला चाललोत असं वाटून. सावंत दर थोड्या अंतरावर सांगत होते, "वाढला. अजून वाढला." हिराबाई सुरुवातीला त्यांच्याहून जास्त बोलत होती. मग तिचं बोलणं कमी झालं. ओढ्याच्या वळणाशी आल्यावर मी मागे पाहिलं तर ती थांबली होती.

"काय झालं हिराबाई? दमलात?"

तिने मान हलवली. वळणापुढे बांबूच्या बेटामागे पत्र्याची शेड दिसत होती. "ती जागा आमची हाय," ती म्हणाली.

ओढ्याकाठचा उरलेला कोपरा तो हाच. शेडच्या आवारात निळी प्लास्टिकची पिंपं रचून ठेवली होती, माणसाच्या डोक्याच्या वर. पुढे एक तिशीचा मुलगा बर्मुडा घालून, उघड्या अंगाने, पिंपांत गरम पाणी मारून घासत होता. धुतलेलं पाणी सरळ ओढ्यात. तो वास एवढा होता की माझ्या दमलेल्या नाकालाही तो कळला. नुसता कळला नाही, ओळखीचाही वाटला. मी एका पिंपापाशी गेले, वाकले, आणि त्याच्या पोटावरचा अर्धवट सोललेला स्टिकर वाचला. गंधकाचा तोच कच्चा माल. खाली पत्ता आमच्या कारखान्याचा.

मुलगा म्हणजे हिराबाईचा धाकटा, जयेश. जमीन गेल्यावर रिक्षा चालवून झाली, चायनीजची गाडी लावून झाली, दोन्ही बसलं. मग उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याच्या भागीदारीत हा धंदा सुरू केला. व्यापारी दुपारी टेम्पो भरून रिकामी पिंपं आणून टाकायचा, जयेश जेवून उठला की ती धुवायचा. म्हणून चारचा वास.

"आये, तू हिकडं?" जयेशने पाण्याचा पाइप खाली टाकला.

हिराबाई पुढे झाली. गेटवर आमची अब्रू काढणारी बाई, तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "तू तर बोललास, डबं इकतंय म्हनून."

"इकतंयच. धून इकतंय."

"आन ह्यो वास?"

"मना नाय येत वास, आये," जयेश म्हणाला. खरंच सांगत होता तो. त्याचं नाक माझ्यासारखंच झालं होतं. त्याचे हात मात्र कोपरापर्यंत लालसर, सोललेले होते. हिराबाईने त्याचा हात धरून उलटासुलटा करून पाहिला, आणि सोडला.

सावंत इतका वेळ पिंपांकडे बघत होते. "ही पिंपं कुठे जातात रे?"

"कुटं बी. चाळीन, बिल्डिंगीन. पानी भराला लोका नेतात. तुमचे सोसायटीन पन दिलेत ना सहा, टँकर आला का भराला."

सावंत जवळच्या दगडावर बसले.

संध्याकाळी मी राव साहेबांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "उत्तम! आत्ताच्या आत्ता कळवा. वासाचा उगम गावातल्या खासगी शेडमध्ये सापडला. फोटो जोडा. प्रश्न मिटला."

"साहेब, स्टिकर आपला आहे."

"विकलीत आपण ती पिंपं. भंगार म्हणून. गेटच्या बाहेर गेलं की आपलं नाही."

"वाससुद्धा गेटच्या बाहेरच जातो, साहेब."

ते चिडले. पिंपं स्टोअरच्या खात्यातली, मी माझं खातं बघावं, वगैरे बोलले. मीही चिडले. इतक्या वर्षांत साहेबांच्या केबिनमध्ये मी आवाज चढवला तो हा पहिला प्रसंग. मी सांगितलं, विषारी मालाची पिंपं न धुता कुणालाही देणं नियमात बसत नाही. ते जाऊ दे, पण त्या पिंपांत लोक पिण्याचं पाणी भरतायत. मी शेडचा फोटो पाठवला तर अधिकारी शेडवर जातील, स्टिकर वाचतील आणि परत आपल्याचकडे येतील. त्यापेक्षा आपणच दोन्ही गोष्टी एकाच पत्रात लिहू. वास कुठे आहे आणि तो कुणाचा आहे.

राव साहेबांनी नोटीशीची फाईल पुढे ओढली. मग म्हणाले, "त्या व्यापाऱ्याला आधी भेटा. उद्या तो म्हणायला नको की आम्ही त्याला फसवलं."

माणूस वाईट नव्हता. पटायला वेळ लागायचा, इतकंच.

व्यापारी म्हणजे लछमनभाई. उल्हासनगरात त्यांचं दुकान, समोर फुटपाथवर निळ्या पिंपांची भिंत. गल्लीत मराठी, सिंधी, हिंदी अशी खिचडी चालली होती. लछमनभाईंनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, पापड भाजून आणायला सांगितलं. मी यायचं कारण सांगितलं तरी पापडाची ऑर्डर रद्द झाली नाही, हे नमूद करायला हवं.

"देखो मॅडम," ते म्हणाले, "मी कुणाचं वाईट करत नाही. इथे पाणी कधी येतं, कधी नाही येतं. माणूस पाणी कशात भरणार? नवीन ड्रम गरिबाला झेपत नाही. मी धुवून देतो. गरम पाण्याने, सोड्याने."

"पण धुवून ते जात नाही, लछमनभाई. प्लास्टिकच्या अंगात मुरतं."

"मी गिऱ्हाइकाला सांगतो ना, कपडे-भांड्यासाठी वापरा, पिऊ नका."

"ते ऐकतात?"

त्यांनी खांदे उडवले. पापड आले. मी सहज विचारलं, "तुमच्या घरी पाणी कशात भरता?"

लछमनभाईंनी पापडाचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. "स्टीलची टाकी आहे," ते हळू म्हणाले.

पुढे मला फार बोलावं लागलं नाही. उठताना ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या कंपनीचे ड्रम मी सोडतो. पण बाकीच्यांचे? सगळीकडून येतात."

आमचं पत्र गेलं, दोन्ही गोष्टींसह. दंड झाला, तो कंपनीने भरला. आमची गंधकवाली शेड बंद पडण्याची वेळ टळली. कारखान्याच्या आतच पिंपं धुवायची जागा बांधायची आणि धुतलेलं पाणी माझ्या टाकीत घ्यायचं ठरलं. धुतलेली पिंपंही विकायची नाहीत, यंत्राने तिथेच त्यांचे तुकडे करायचे, म्हणजे ती पुन्हा कुणाच्या मोरीत जाणार नाहीत.

राहिला जयेश. त्याच्या शेडला टाळं लावायला कुणी सरकारी माणूस जायच्या आधी हिराबाईनेच ते लावलं होतं. किल्ली कमरेला खोचून ती एका सकाळी माझ्याकडे आली. मला वाटलं, आता भांडणार.

"शेड बंद केली मी," ती म्हणाली. "ओढ्यान आमी खेकडं धरलंय, बाय. माज्याच पोरान त्यात जहर टाकला. पन आता पोरगा घरान बसलाय. भिंतीकडं बगत ऱ्हातंय." तिने कमरेची किल्ली चाचपली. "मी काय मागाला नाय आली. सांगाला आली."

पिंपं धुण्याच्या नव्या जागेवर माणूस हवाच होता. या कामातली खाचखोच जयेशइतकी कुणाला माहीत होती? राव साहेब आधी म्हणाले, ज्याच्यामुळे नोटीस आली त्यालाच घ्यायचं? मी म्हटलं, नोटीस आपल्यामुळे आली. या वेळी त्यांनी वाद घातला नाही. जयेश कंत्राटी म्हणून लागला. पहिल्या दिवशी त्याला कोपरापर्यंतचे हातमोजे, चष्मा, मास्क, गमबूट असं सगळं चढवलं. आरशात पाहून तो म्हणाला, "मॅडम, अंतराळात पाठवताव का मना?" दुपारी बघते तर मास्क गळ्यात लोंबतोय. मी ओरडले. "गुदमरायला होतंय," म्हणाला. त्या मास्कवरून आमची भांडणं मी निवृत्त होईपर्यंत चालली. त्याचे हात मात्र सुधारले.

आता वाटेल, झालं, सगळं गोड झालं. तसं नाही. आधीच बाहेर गेलेल्या पिंपांचं काय, हा प्रश्न मला झोपू देईना. सावंतांनी सोसायटीची सहा पिंपं खाली आणून फोडली, आणि लगेच टँकरचं पाणी कशात साठवायचं यावरून सभेत रण माजलं. गावात मी हिराबाईबरोबर घरोघर फिरले. एका चाळीत एक तरुण बाई पिंपाला पाठ लावून उभी राहिली. काखेत मूल. मी सांगत होते, हे पाणी पिऊ नका, हे धोक्याचं आहे. तिने सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, "मग पाणी कशात भरू?"

हिराबाईने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी तशाच परत आलो.

दुसऱ्या दिवशी मी राव साहेबांसमोर तोच प्रश्न ठेवला, त्याच शब्दांत. नोटीस नव्हती, मोर्चा नव्हता, कुणी पत्रकार नव्हता. कायद्याने आम्हाला काही करायची गरज नव्हती. त्यांनी दोन दिवस घेतले. मग पालेगावपुरती योजना मंजूर केली. जुनं पिंप आणा, पाण्यासाठीचं नवं कोरं पिंप घेऊन जा. "पण फक्त आपला स्टिकर असलेलीच," त्यांनी बजावलं.

त्या रविवारी गेटसमोर रांग लागली. पोरं पिंपं रस्त्यावरून घरंगळत आणत होती, त्यांचा असा गडगडाट होत होता की शेजारच्या कारखान्याचा वॉचमन बाहेर येऊन बघायला लागला. राव साहेब स्वतः टेबल टाकून बसले होते. पहिलं पिंप आलं, आमचं. दुसरं आलं, आमचं. तिसऱ्यावर दुसऱ्याच कारखान्याचा स्टिकर. चौथ्यावर तिसऱ्याचा. पुढच्या चार पिंपांवर स्टिकरच नव्हते.

"हे आपलं नाही," राव साहेब म्हणाले.

रांगेच्या बाजूला हिराबाई उभी होती. गेटवर ओरडलेली तीच बाई, पण या वेळी ती अगदी साध्या आवाजात बोलली. "सायेब, डबा कुनाचा बी असू दे. पानी पिनारी पोरा आमचीच हायत ना?"

राव साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "घ्या सगळी," ते मला म्हणाले. मग बाजूला जाऊन फोन लावला. शेजारच्या प्लांटच्या मुख्याला सांगताना मी ऐकलं, "तुमची बारा पिंपं आमच्या गेटवर आलीत. हो, रविवार आहे, ठाऊक आहे मला. माणूस पाठवा आणि घेऊन जा. आणि येताना बारा नवी पाठवा." पलीकडचा काय म्हणाला कोण जाणे. साहेब म्हणाले, "गेटच्या बाहेर गेलं म्हणून काय झालं?" संध्याकाळपर्यंत त्यांनी असे पाच-सहा फोन केले. दोघांनी नवी पिंपं पाठवली. बाकीच्यांनी सोमवारी बोलू म्हणून सांगितलं.

मी निवृत्त झाले त्याला आता काही काळ लोटला. पालेगावला दुपारी चारचा तो वास येत नाही, सावंतांचं तसं प्रमाणपत्र आहे. इतर वास येतात. त्यांची तक्रार ते माझ्या जागी आलेल्या मुलीकडे करतात, ती हुशार आहे. ओढ्यात खेकडे मात्र परत आले नाहीत. हिराबाई दरवर्षी पाणी ओसरलं की जाऊन दगड उलटून बघते.

आणि मी? परवा उल्हासनगरात कापड घ्यायला गेले होते. एका बोळात दारापुढे निळं पिंप दिसलं, वर ताटली झाकलेली, ताटलीवर पाणी काढायचा गडू. मला राहवेना. मी वाकले आणि त्याच्या पोटावर हात फिरवून स्टिकर शोधायला लागले. दारातून एक बाई बाहेर आली. "काय हरवलं का हो?"

"नाही," मी म्हटलं, "आमचंच आहे का ते बघत होते."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पिंप थोडं आत ओढून घेतलं, आणि मग, मी उन्हात उभी होते म्हणून असेल, त्यातलाच एक गडू भरून माझ्यापुढे केला.